रिळावरून सुटलेले दिवे

टेबलाच्या खणात कधीतरी पट्टीचा एक वीतभर तुकडा हाती लागतो. प्लास्टिकची पट्टी, एका कडेला भोकांची ओळ, ओळीने छोट्या खोबणी आणि प्रत्येक खोबणीत तांदळाच्या कणीएवढा एक एलईडी. वर पारदर्शक पापुद्रा. अक्षर मात्र कुठेच नाही, पट्टीवर नाही आणि दिव्यावर तर नाहीच. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने रिळातून कात्रीने कापून दिलेली ही पट्टी. रंग कोणता, सरळ टोक कुठलं, करंट किती सोसेल, या साऱ्याची उत्तरं एका लेबलावर होती. ते लेबल रिळावरच राहिलं.

रेझिस्टरच्या पाठीवर निदान तीन आकडे असतात, आयसीवर तर नाव-गाव सगळंच. एलईडीवर काही न छापण्याला कारण आहे. त्याचं तोंड उजेडासाठी मोकळं हवं आणि कडा मिलिमीटरच्याही आत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालेले एलईडी सारखे नसतात. तयार झाल्यावर ते मोजून व्होल्टेज, रंगछटा आणि उजेड यांप्रमाणे वेगवेगळ्या गटांत टाकले जातात. या गटांना ‘बिन’ म्हणतात आणि बिनचा कोड फक्त रिळाच्या लेबलावर येतो. म्हणजे सुटा एलईडी हरवलेल्या माणसासारखा नाही, ज्याच्या खिशात कुठेतरी ओळखपत्र असेल. त्याला ओळखपत्र कधी दिलेलंच नसतं.

मग निनावी एलईडीबद्दल नेमकं किती कळू शकतं? डोळ्यांनी काय कळतं, मीटरने काय, हिशेबाने काय, आणि कुठलंच उपकरण जे सांगू शकत नाही ते काय? या प्रश्नाचा हा आढावा.

आकाराचे आकडे

सुरुवात मोजपट्टीने, जमल्यास व्हर्नियरने करावी. इथेच पहिला घोळ होतो, कारण आकाराच्या आकड्यांच्या दोन भाषा आहेत. ०४०२, ०६०३, ०८०५, १२०६ हे आकडे इंचातले: ०६०३ म्हणजे १.६ × ०.८ मिमी, ०८०५ म्हणजे २.० × १.२५ मिमी, १२०६ म्हणजे ३.२ × १.६ मिमी. सेट-टॉप बॉक्स, चार्जर, राउटर यांच्यावरचे इशारा देणारे बारीक दिवे बहुतेक याच घराण्यातले. ३०१४, ३५२८, २८३५, ५०५०, ५७३० हे आकडे मात्र मिलिमीटरचे: ५०५० म्हणजे ५ × ५ मिमी, ५७३० म्हणजे ५.७ × ३.० मिमी.

आकारावरून एक ढोबळ अंदाज बांधता येतो. ०६०३ ते १२०६ मध्ये कमाल करंट साधारण २० मिलिअँपच्या आसपास. ३५२८ चाही तेवढाच. ३०१४ मध्ये ३० मिलिअँप, ५७३० मध्ये बहुधा अर्धा वॅट, म्हणजे १५० मिलिअँप. ५०५० मध्ये तीन चिपा आणि सहा पाय, प्रत्येक चिपेला २० मिलिअँप.

आकारावर विसंबण्याची मर्यादा पाहायची तर ३५२८ आणि २८३५ शेजारी ठेवून पाहावेत. आकडे नुसते उलटे फिरवलेले, लांबी-रुंदी तीच. पण ३५२८ उंच असतो, जवळजवळ १.९ मिमी, आणि त्याच्या वरच्या तोंडाला बहुधा गोल वाटी असते. २८३५ चपटा, पाऊण मिलिमीटरच्या आसपास, वरचा पिवळा भाग जवळजवळ पूर्ण तोंडभर पसरलेला आणि खाली उष्णता ओढून घेणारा रुंद पाय. पहिला २० मिलिअँपचा इशाऱ्याचा दिवा, तर दुसरा घर उजळणारा. शिवाय २८३५ च्या एकाच देहात ०.२ वॅट, अर्धा वॅट आणि १ वॅट असे तिन्ही प्रकार विकले जातात. आकार त्याचं घराणं सांगतो. कमाई किती ते सांगत नाही.

दिसायला एलईडी पण आतून वेगळं काही, असाही धोका असतो. ५०५० च्या आकारात, वाटीत तीन चिपांशेजारी एक काळा-करडा चौकोन दिसला, तर तो आतच नियंत्रक आयसी असलेला, डब्ल्यूएस २८१२ सारखा दिवा असतो. त्याला सरळ करंट देऊन तपासण्यात अर्थ नाही, त्याला ५ व्होल्टचा पुरवठा आणि डेटा लागतो. काळसर किंवा अगदी पारदर्शक दिसणारा तुकडा इन्फ्रारेड एलईडी असेल, नाहीतर फोटो-ट्रान्झिस्टरही. इन्फ्रारेडची शंका आल्यास थोडा करंट देऊन मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावं, डोळ्यांना न दिसणारा उजेड पडद्यावर जांभळट दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी गाळणी सहसा जास्त कडक असते.

सरळ आणि उलट

बारीक चिप-एलईडी उलटा केला तर पाठीवर हिरवी खूण असते. त्रिकोण असेल तर त्याचं टोक बहुधा कॅथोडकडे, म्हणजे मायनसकडे असतं. प्लास्टिकच्या वाटीतल्या एलईडीचा एक कोपरा कापलेला असतो, तोही बहुधा कॅथोडचाच. पण ‘बहुधा’ हा शब्द इथे शोभेला नाही. उलटी खूण वापरणारे उत्पादक आहेत आणि २८३५ चा मोठा पाय कुणाच्या दिव्यात प्लस असतो, तर कुणाच्या मायनस. शेवटचा शब्द मीटरचा.

मल्टिमीटर डायोडवर ठेवून दोन्ही बाजूंनी टेकवावा. लाल, पिवळा किंवा जुना पोपटी एलईडी लगेच मंद उजळतो आणि पडद्यावर १.७ ते २ च्या आसपास आकडा येतो. पांढरा, निळा किंवा गर्द हिरवा मात्र स्वस्त पिवळ्या मीटरवर अनेकदा रुसतो. अशा मीटरचा डायोड-तपास साधारण तीन व्होल्टांच्या आतच थांबतो, त्यामुळे दिवा कसाबसा मिणमिणतो किंवा दोन्ही बाजूंनी नुसता ‘१’ दिसतो. असा दिवा मेलेला समजून फेकू नये.

उलट्या बाजूने ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती चूक नव्हे. चांगल्या पांढऱ्या-निळ्या एलईडींत स्थिर विजेपासून बचावासाठी उलटा झेनर डायोड बसवलेला असतो, त्याचाच हा आकडा. म्हणजे दिव्याच्या दर्जाविषयी एक बातमी फुकटात मिळाली.

मीटर व्होल्टवर ठेवून एलईडी भर उन्हात धरला तरीही कळतं. एलईडी हा उलट्या कामाचा छोटा सौरघटकच आहे. लाल एलईडी उन्हात एक ते दीड व्होल्टपर्यंत देतो आणि ज्या टोकावर प्लस दिसतो तो ॲनोड. पांढऱ्यात हा आकडा कमी मिळतो, कारण वरची पिवळी भुकटी ऊन वाटेतच अडवते.

व्होल्टेजची साक्ष

पुढची पायरी: ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि मीटर. सगळं मिळून करंट ६-७ मिलिअँप, म्हणजे ०४०२ सारख्या चिमुकल्यालाही न दुखवणारा. एलईडीच्या दोन टोकांवर मोजलेला आकडा हा त्याचा फॉरवर्ड व्होल्टेज. निनावी दिव्याचा हा सगळ्यात विश्वासू साक्षीदार.

त्यामागचं विज्ञान सोपं आहे. प्रकाशकणाची ऊर्जा, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, साधारण १२४० भागिले नॅनोमीटरमधली तरंगलांबी. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला सुमारे १.९७, तर ४६० च्या निळ्याला सुमारे २.७. एलईडीला किमान तेवढ्याच्या आसपास व्होल्टेज लागतो आणि वर पायांचा, तारांचा, थरांचा रोध. त्यामुळे इन्फ्रारेड १.२ ते १.५ व्होल्टवर, लाल आणि पिवळा १.८ ते २.२ वर, निळा आणि पांढरा २.८ ते ३.४ वर जळतो. पांढरा हा मुळात निळाच. निळ्या चिपेवर पिवळी भुकटी थापलेली असते, म्हणून विझलेला पांढरा एलईडी लिंबासारखा पिवळा आणि ‘वॉर्म’ पांढरा नारिंगीकडे झुकलेला दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज घरात जळणारा प्रत्येक पांढरा एलईडी बल्ब त्याच शोधाचा वारस आहे.

हिरव्याचं कोडं व्होल्टेजच सोडवतो. जुन्या जातीचा, ५७० नॅनोमीटरचा पोपटी हिरवा दोन व्होल्टच्या आसपास चालतो. गर्द हिरवा, सुमारे ५२५ नॅनोमीटरचा, निळ्याच्या जातीचा असल्याने तीनच्या आसपास. दोघांना शेजारी ठेवलं तर डोळ्यांनाही फरक दिसतो, पण एकटा दिवा समोर असताना मीटर बरा.

आता ९ व्होल्टच्या बॅटरीवर दिवा मुळीच उजळला नाही, तर तो मेलेला असेल किंवा एका देहात अनेक चिपा असतील. बल्बमधले २८३५ आज ३, ६, ९, १८ आणि ३६ व्होल्टचेही असतात. तीन चिपा ओळीने जोडल्या की ९, सहा जोडल्या की १८. त्यामुळे अशा दिव्याला करंट मर्यादा १ मिलिअँपवर ठेवून, बेंच सप्लायचा व्होल्टेज सावकाश वर न्यायचा. भिंगाखाली त्या मंद उजेडात चिपा वेगवेगळ्या ठिपक्यांसारख्या मोजताही येतात. पूर्ण उजेडात मात्र भिंग लावू नये, डोळ्यांची किंमत एलईडीपेक्षा जास्त.

भिंगाखाली आणखी एक खूण मिळते. पारदर्शक वाटीत चिपेच्या वरच्या बाजूला दोन बारीक सोनेरी तारा असतील तर चिप निळ्या-हिरव्या जातीची, कारण तिच्या बुडाखालचं नीलमणी वीज वाहत नाही. एकच तार असेल तर बहुधा लाल-पिवळ्या जातीची, दुसरी जोडणी बुडातूनच होते.

करंट किती?

इथपर्यंतची सगळी उत्तरं मोजून मिळाली. करंटचं तसं नाही. ‘या दिव्याचं रेटिंग ६० मिलिअँप’ याचा अर्थ ६१ ला तो जळेल असा नाही. १०० मिलिअँपवरही तो काही दिवस झोकात जळेल. रेटिंग हे उत्पादकाचं वचन आहे: अमुक तापमानाला, अमुक करंटवर ठेवलात तर इतके हजार तास इतका उजेड टिकेल. वचन मोजता येत नाही. पण ते किती असावं याचा माग काढण्याचे चार रस्ते आहेत.

पहिला रस्ता सर्किटचा. एलईडी एखाद्या पट्टीतून काढला असेल तर शेजारचा रेझिस्टर वाचावा. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन पांढरे दिवे आणि ‘१५१’ लिहिलेला रेझिस्टर, म्हणजे १५० ओहम. तीन दिव्यांनी ९.६ व्होल्ट घेतले, उरले २.४. भागिले १५०, म्हणजे १६ मिलिअँप. पडताळा दुसऱ्या बाजूने घेऊ. मीटरभर लांबीला ६० दिव्यांची ३५२८ ची पट्टी साधारण ४.८ वॅटची असते, म्हणजे ०.४ अँपिअर. तीन-तीनचे वीस गट, प्रत्येकी २० मिलिअँप. दोन वाटांनी आलेली उत्तरं शेजारी बसली. ५०५० ची पट्टी मीटरला १४.४ वॅटची, तिथे गटाला ६० येतात, कारण आत तीन चिपा.

बल्बचा हिशेब याहून सोपा. करंट पुरवणाऱ्या ड्रायव्हरवर ‘७५-९० व्होल्ट, १०० मिलिअँप’ असं छापलेलं आणि आतल्या पत्र्यावर नऊ दिवे ओळीने. एका दिव्याला सुमारे सव्वाआठ ते दहा व्होल्ट, म्हणजे प्रत्येकात तीन चिपा. करंट १००, वॅट सुमारे ०.९. बाजारात याच दिव्याला ‘१ वॅट’ म्हणतात, आणि गोंधळाचं मूळ इथेच आहे. ३ व्होल्ट-३०० मिलिअँप, ९ व्होल्ट-१०० मिलिअँप आणि १८ व्होल्ट-६० मिलिअँप, तिन्ही २८३५, तिन्ही ‘१ वॅट’, बाहेरून तिन्ही एकसारखे. जळालेल्या ९ व्होल्टच्या जागी ३ चा बसवला तर बल्ब चालतो, तो एक दिवा फक्त मंद राहतो. पण १८ व्होल्टचा बसवला तर त्याला झेपत नसलेले १०० मिलिअँप त्याच्यातून जातात आणि काही दिवसांत त्याच जागी पुन्हा काळा ठिपका दिसतो. ओळीत जोडलेल्या दिव्यांत करंट सगळ्यांना सारखा, म्हणून बदली दिवा निवडताना वॅट विचारू नये, मिलिअँप विचारावेत. टीव्हीच्या बॅकलाइटच्या पट्ट्यांतही ३ आणि ६ व्होल्टचा हाच सापळा असतो.

एक इशारा इथेच द्यायला हवा. आपल्याकडचे बरेचसे बल्ब ट्रान्सफॉर्मरने विलग केलेले नसतात. चालू बल्बच्या पत्र्यावरचा कुठलाही पाय २३० व्होल्टच्या मुख्य विजेशी सरळ जोडलेला असू शकतो. मोजमाप बल्ब होल्डरमधून काढून, कॅपॅसिटर रिकामा करून, बाहेरून करंट देऊनच करावं.

दुसरा रस्ता चिपेच्या आकाराचा. ०.३ × ०.३ मिमीची चिप साधारण २० मिलिअँपवर चालवतात, १ चौरस मिमीची ३५० वर. दोन्हींचा हिशेब चौरस मिलिमीटरला सुमारे २०० ते ३५० मिलिअँप असा येतो. यूएसबी सूक्ष्मदर्शकाखाली चिपेची बाजू मोजता आली की कमाल करंटची जवळपासची रेघ आखता येते. पिवळ्या भुकटीखाली चिप दिसत नाही, पण अगदी मंद उजेडात तिची चौकट जाणवते.

तिसरा रस्ता करंट-व्होल्टेजच्या आलेखाचा. १, ५, २० मिलिअँपवर व्होल्टेज मोजून कागदावर मांडावा. लहान चिपेला २० मिलिअँप म्हणजे भरगच्च लोकल, व्होल्टेज ३ च्या वर चढतो. मोठ्या चिपेला तेवढेच २० म्हणजे रविवारची रिकामी गाडी, व्होल्टेज २.७ च्या आसपासच रेंगाळतो. २० मिलिअँपवर २.७ व्होल्ट दाखवणारा पांढरा २८३५ बहुधा अर्ध्या वॅटच्या पुढचा, आणि ३.१ दाखवणारा बहुधा लहान चिपेचा.

चौथा रस्ता उष्णतेचा, आणि निर्णय इथेच होतो. एलईडी गरम झाला की त्याचा व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो, म्हणजे दिवा स्वतःच तापमापक आहे. आधी दिवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोमट आणि मग गरम पाण्यात धरायचा, शेजारी थर्मामीटर, आणि १ मिलिअँपवरचा व्होल्टेज टिपायचा. या दिव्याचा अंशाचा नेमका दर मिळाला. मग तो ज्या पत्र्यावर बसणार त्यावर डाग देऊन, इच्छित करंटवर दहा मिनिटं जाळायचा आणि झटकन १ मिलिअँपवर आणून व्होल्टेज वाचायचा. समजा तो १०० मिलिव्होल्टने उतरला आणि दर २ निघाला होता, तर आतली चिप खोलीपेक्षा ५० अंशांनी तापली. खोली ३५ ची असेल तर चिप ८५ ला. मीटर वाचेपर्यंत दिवा थोडा निवतो, तेव्हा खरा आकडा वरच धरायचा. बहुतेक एलईडींची आतली मर्यादा ११० ते १२५ अंशांच्या दरम्यान असते; ८५-९० च्या खाली राहिलो तर वचन पाळलं जाण्याची शक्यता चांगली.

एक सोपी चाचणी डोळ्यांनीही होते. पांढरा दिवा करंट वाढवल्यावर निळसर होऊ लागला किंवा करंट दुप्पट करूनही उजेड जेमतेम वाढला, की मागे फिरायचं.

वचनाची किंमत

उत्पादक तरी हे वचन कशाच्या भरवशावर देतो? एलएम-८० नावाची चाचणी आहे, भारतीय मानकांत तिचा समांतर आयएस १६१०५. त्यात एलईडी ठरावीक तापमानांवर किमान ६,००० तास, म्हणजे अडीचशे दिवस सलग जाळून उजेड मोजतात. पुढचं आयुष्य टीएम-२१ या पद्धतीने हिशेबाने काढतात, आणि तिचा नियम असा की पुरेसे नमुने असले तरी चाचणीच्या सहापटीपलीकडे दावा करायचा नाही. ६,००० तासांच्या चाचणीवर ३६,००० तास म्हणता येतील. खोक्यावर ५०,००० लिहायचं तर निदान ८,३०० तासांहून जास्त जाळावं लागेल. सुट्या पट्टीवर ‘५०,००० तास’ सांगणाऱ्या दुकानदाराला हा भागाकार विचारून पाहावा.

हा प्रश्न छंदिष्टांपुरता राहिलेला नाही. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. प्रत्येक बल्बच्या पत्र्यावर ओळीने निनावी दिवे आहेत, आणि ओळीतला एक मेला की अख्खा बल्ब अंधारतो. गल्लीतला दुरुस्ती करणारा काळा ठिपका शोधून तिथे कथलाचा थेंब टाकतो, बल्ब पेटतो, गिऱ्हाईक खूश. पण तो दिवा का मेला हे विचारलं जात नाही. पत्रा तापत होता म्हणून मेला असेल तर शेजारचेही त्याच वाटेवर आहेत. उरलेल्या दिव्यांतून करंट तोच जातो, ड्रायव्हर मात्र आपल्या व्होल्टेजच्या खालच्या मर्यादेकडे सरकतो. एक ठिपका चालून जातो. तिसऱ्या ठिपक्याला बल्ब बदललेला बरा.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या वाचकांसाठी आणखी एक. उघड्या पट्टीतले प्लास्टिक-वाटीचे एलईडी पावसाळ्यात दमट होतात, आणि तसेच गरम पत्र्यावर बसवले तर आतली वाफ थर सोडवते. दिवा त्या दिवशी पेटतो आणि महिन्याभरात जातो. बसवण्यापूर्वी ६० अंशांच्या आसपास बराच वेळ सुकवणं हा उपाय. डेटाशीट असती तर हेही तिच्यावर लिहिलेलं असतं.

शेवटचं लेबल

चारही रस्ते एका ठिकाणी येतीलच असं नाही. सर्किट १०० सांगेल, चिपेचा आकार १५०, आणि आपला पातळ पत्रा ६० लाच तापेल. अशा वेळी सगळ्यात लहान आकडा आपला. उत्पादकाच्या रेटिंगशी आपली गाठ नाही, ते सापडणारही नाही. आपल्याला हवा आहे तो आपल्या पत्र्यावर, आपल्या उन्हाळ्यात, या दिव्याला झेपेल असा करंट, आणि तो या टेबलावर ठरतो.

खणातल्या पट्टीचं हे सगळं करून झालं की एक शेवटचं काम उरतं, जे बहुतेकजण विसरतात. कागदाची चिठ्ठी कापावी आणि पट्टीला टेपने चिकटवावी: ‘२८३५, वॉर्म पांढरा, एक चिप. १ मिलिअँपला अमुक, २० ला अमुक. मोठा पाय मायनस. ६० मिलिअँपपर्यंत, ॲल्युमिनियमवर.’ खाली तारीख. कारखान्याच्या लेबलात बिनचा कोड होता, तो इथे नाही. पण यातला प्रत्येक आकडा याच दिव्यांवर मोजलेला आहे.